मढवेलीचा वास

दर्याची शपथ, माझ्या तराजूची शपथ, आणि एवढ्यानं भागत नसेल तर माझ्या नव्या कवळीची शपथ. आता जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोलत असेन तर माझ्या सुकटीला बुरशी लागो आणि बोंबलांत अळ्या पडोत. मला ठाऊक आहे गावात माझं नाव कशासाठी घेतात ते. टोपलीतल्या मुशी माशानं मला डोळा मारला, ही गोष्ट मी थोडी वाढवून सांगितली होती, कबूल. ही तशी नाही.

माझं नाव सुगंधा. हसून घ्या एकदाचं. जन्मभर रत्नागिरीच्या बाजारात सुकी मासळी विकली मी. सुकट, बोंबील, बांगडे, पावसात ओल धरलेली मांदेली. त्यानं झालं काय, की माझं नाक मेलं. पार मेलं. समोर कोणी अत्तर लावून आलं काय, गटारात लोळून आलं काय, मला सारखंच. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळा वासाचाच मामला आहे. वासाबद्दल मी जे जे सांगेन ते लोकांच्या तोंडून ऐकलेलं, असं समजा.

तर माझी नात मिहिका. आम्ही मिहू म्हणतो. माझ्या लेकाची, शशीची, एकुलती एक मुलगी. तिला लहानपणापासून फिट यायची. आधी डाव्या हाताचा अंगठा फडफडायचा, पाण्याबाहेर काढलेल्या माशाच्या कल्ल्यासारखा. मग डोळे पांढरे, दातखीळ, तोंडाला फेस, आणि धाडकन खाली. कुठे पडेल नेम नाही. शाळेत पडली, बाजारात पडली, शिमग्यात पालखीसमोर पडली तेव्हा लोकांना वाटलं अंगात आलं.

आणि ती पडली की काय व्हायचं? गर्दी जमायची, आणि गर्दीतला कोणीतरी शहाणा पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावायचा. वास दिला की फिट उतरते, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ. घरात असली तर कांदा फोडायचा, रस्त्यात असली तर चप्पल. मीसुद्धा लावलीय. पूर्वी निदान चामड्याची तरी असायची. आता बिनड्रायव्हरच्या रिक्षा धावतात, खाडीपलीकडून औषधं ड्रोननं येतात, चामडं शोधून सापडत नाही. तरी लावतात! शेण तुडवलेली, थुंकी तुडवलेली रबरी चप्पल माझ्या पोरीच्या नाकातोंडावर. शी! शुद्धीवर आली की मिहू डोळे न उघडता म्हणायची, "आजी, आज कोळंबीवाल्याची होती."

तिला एकच हवं होतं. बोट. तांडेल व्हायचं, स्वतः बोट घेऊन समुद्रात जायचं. शशीचे गुडघे गेले आणि आमची बोट जेटीला बांधून शेवाळ खात पडली. बोटीची बॅटरी, जाळं ओढायचं मशीन, माशांचे थवे दाखवणारा पडदा, मिहूला सगळं तोंडपाठ. पण फिट येणाऱ्या माणसाच्या हाती बंदरवाले बोट देत नाहीत, आणि बरोबरच करतात. सबंध एक वर्ष फिटशिवाय काढून दाखवायचं, मग परीक्षा. मिहूचा साधा एक महिना कधी सुका जात नव्हता. सगळ्या गोळ्या करून झाल्या. काही मेंदू असे हट्टी असतात की त्यांना कुठलीच गोळी धरत नाही.

आणि तिला सर्वेश आवडायचा. बर्फाच्या कारखान्यात मशीनवर असायचा. दिसायला उंच, गोरा, बोलायला गोड. मिहू पडली की धावत यायचा, तिचं डोकं मांडीवर घ्यायचा, फेस आपल्या रुमालानं पुसायचा. बघणारे म्हणायचे, काय देवमाणूस आहे! मीही म्हणायचे. जीभ झडली नाही माझी तेव्हा.

गावाबाहेर सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, झाडपाल्याच्या औषधांचं एक संशोधन केंद्र निघालं. तिथल्या मुख्य डॉक्टर नाझनीन परकार. लहान असताना आईबरोबर माझ्याकडे सुकट घ्यायला यायची, आता चष्मा लावून डॉक्टरीण. तिनं मिहूच्या दंडाची चिमूटभर कातडी घेतली आणि त्यातून मिहूचा मेंदू उगवला.

थांबा, शपथ घेतलीय मी. कसं ते ऐका. कातडीतल्या पेशींना त्यांनी परत बाळपणात नेलं. म्हणजे जेव्हा पेशीनं अजून ठरवलेलं नसतं, की आपण हाड व्हायचं का रक्त व्हायचं. मग त्यांना काचेच्या बशीत जोपासून मेंदू व्हायला शिकवलं. काही महिन्यांत मसुराएवढा गोळा तयार. डॉक्टरीणबाई त्याला मणी म्हणायच्या. तो मणी विचार करत नाही, स्वप्नं बघत नाही. पण त्यातल्या नसा मिहूच्या, त्यांची खोडही मिहूचीच. त्यामुळे मण्यालाही फिट यायची! बशीखाली केसापेक्षा बारीक तारा लावलेल्या, त्यांच्यावरून पडद्यावर रेघ उमटायची. शांत असताना रेघ लाटेसारखी हलकी हलकी वरखाली. फिट आली की नुसते काटेच काटे.

मी वाकून बघितलं. शेंबडासारख्या पाण्यात काहीतरी पांढरट तरंगत होतं. सडलेल्या कालवासारखं. 

"मिहू, हा तुझा मेंदू?"

"शेजारच्या बशीत दुसरा आहे आजी. तुला डावा आवडला का उजवा?"

आता काम असं, की सह्याद्रीतून पाला, मुळ्या, साली आणायच्या आणि अर्क काढायचे. काही पाण्यात उतरतात, काही दारूत, काही तेलात. एकेका अर्काचे पुन्हा भाग पाडायचे. आधी तो बारक्या झेब्रा माशाच्या पिल्लांवर बघायचा. ती पिल्लं काचेसारखी आरपार. पाण्यात फिट आणणारं रसायन टाकलं की भोवऱ्यासारखी गरगरतात. अर्कानं गरगर थांबली तर मग तोच अर्क मिहूच्या मण्यावर. किती झाडं झाली. माशांचं थांबायचं, मण्याचं काही थांबायचं नाही.

मग आली मढवेल. घाटात कड्यांवर लोंबते. पान चुरगाळलं की मढ्यासारखा वास सुटतो म्हणून हे नाव. वास कसा, तर लोक सांगतात तसं सांगते. तापलेल्या पत्र्याखाली उंदीर मरून पडावा, त्यावर नासकं अंडं फुटावं, आणि तो सगळा ऐवज कोणीतरी ओल्या मोज्यात बांधून तुमच्या उशीखाली सारावा. वर किंचित, अगदी किंचित, पिकल्या फणसाचा गोडपणा. तो गोडपणाच सगळ्यात वाईट. म्हणजे, असं म्हणतात.

केंद्रातल्या पोरापोरींना तो सहन होईना. म्हणून त्यांनी काय करावं? अर्क तयार झाला की पहिलं काम, वाफ काढून त्यातला वास वेगळा करायचा. ते घाण पाणी झाकणाच्या डब्यात बंद करून फेकायला ठेवायचं, आणि उरलेला छान स्वच्छ अर्क तपासायचा. त्या छान स्वच्छ अर्कानं मासेसुद्धा थांबेनात. मढवेल बाद.

ज्या दिवशी बाद केली त्या दिवशी आम्ही तिथेच होतो. मिहूच्या डोक्यावर तारांची टोपी, समोरच्या पडद्यावर तिची रेघ. माझं लक्ष तिच्या हाताकडे. अंगठा फडफडला.

मी उठले. चप्पल! पण चपला आम्हाला दाराबाहेर काढायला लावलेल्या. कांदा आणू कुठून? तेवढ्यात एक मुलगी मान वळवून, नाक दाबून, तो घाणीचा डबा बाहेर घेऊन चालली होती. मी तो हिसकावला, झाकण उघडलं आणि धरला मिहूच्या नाकाखाली.

"आजी!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "काय करताय हे? चप्पल नाही, कांदा नाही, डबा तर नाहीच नाही! तिला कुशीवर वळवा, डोक्याखाली हा माझा कोट घाला, तोंडात काही घालू नका आणि नुसतं थांबा!"

मागे कोणीतरी बेसिनमध्ये ओकत होतं. एकीनं खिडकी उघडली आणि तिथेच लोंबकळली. बाई ओरडता ओरडता मध्येच वळल्या. पडद्याकडे बघायला लागल्या. काटे जाऊन तिथे लाट आली होती. वादळ अर्ध्यातच बसलं होतं.

"बघा," मी म्हटलं, "डब्यानं उतरली."

"आजी, फिट आपली आपणही उतरते. म्हणून तर चपलेला फुकटचं श्रेय मिळतं. एकदा झालं म्हणजे काहीच झालं नाही."

असं म्हणाल्या खऱ्या. पण डबा फेकू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या घाण पाण्याचा थेंब माशांच्या पाण्यात पडला. गरगर थांबली. मग मण्यावर. मणी शांत. पुन्हा पुन्हा केलं, दुसऱ्या रोग्यांच्या मण्यांवर केलं, टाकणाऱ्याचं नाक बांधून, थेंब कोणता आणि साधं पाणी कोणतं हे त्यालाच कळू न देता केलं. ज्याला ते इतके दिवस वास म्हणून फेकत होते, तेच औषध होतं.

मग माणसांवर तपासायची वेळ आली आणि एक गंमत झाली. अर्ध्या लोकांना खरी गोळी द्यायची, अर्ध्यांना औषधाशिवायची पोकळ, आणि कोणाला कुठली ते कोणालाच माहीत नको, नाहीतर मन फसवतं. पण इथे खरी गोळी खाणारा माणूस दोन गल्ल्यांवरून ओळखू येणार! म्हणजे पोकळ गोळीलाही घाण यायला हवी.

"आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे सगळ्यात घाणेरडं काय आहे?"

हा अपमान का सन्मान ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी त्यांना पावसात कुजलेल्या बोंबलांचं पीठ दिलं. सरकारी परवानगीनं, शुद्ध करून, गोळीत भरून, जिल्ह्यातल्या कितीतरी लोकांनी माझे सडके बोंबील औषध म्हणून खाल्ले. काहींना तर त्यानंही बरं वाटलं!

मिहूला खरी गोळी मिळाली होती. काळपट, बकरीच्या लेंडीसारखी. त्या दिवसापासून तिला फिट आली नाही. पावसाळा गेला, शिमगा आला, तिला पालखीपुढे नाचताना बघून मी रडले. वर्ष भरत आलं.

पण गोळी पोटात जायची आणि वास अंगातून बाहेर पडायचा. श्वासातून, घामातून, केसांतून. आंघोळ करा, उटणं लावा, नारळाच्या शेंड्यांनी अंग घासा, काही नाही. ती रिक्षात बसली की रिक्षा पुढच्या गिऱ्हाइकाला सांगायची, "आसन स्वच्छतेसाठी जात आहे." कौलावरचा कावळा मिहू अंगणात आली की उडून पलीकडच्या माडावर बसायचा. आणि कावळा काय काय खातो ते तुम्हाला ठाऊक आहे. एकटं आमचं मांजर खूश. चिंगी तिचं नाव. शेपटी उभारून मिहूच्या मागेमागे, मेजवानीला चालल्यासारखी.

आणि गाव? अहो, मासळीचं गाव हे! गटारातून माशांची आतडी वाहतात, जेटीवर पाय टाकाल तिथे खवले. त्या लोकांनी माझ्या नातीला बघून नाकाला पदर लावले. वाण्यानं सांगितलं, सामान घरपोच पाठवतो, तू येऊ नकोस. लग्नाची आमंत्रणं यायची ती दोघांची, मला आणि शशीला.

दुपारी मिहू येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवायची. तेवढाच तिचा विसावा.

"आजी, तुला खरंच येत नाही वास?"

"कसला वास? माझं नाक कधीच गेलं."

"बरं झालं गेलं." मग ती अंग सैल सोडायची. दिवसभर ती अंग चोरून बसायची हे मला त्या सैल सोडण्यावरून कळायचं.

सर्वेश आता बोलायला यायचा तो अंगणाच्या कडेला उभा राहायचा, वारा कुठून येतो ते बघून. एकदा त्याच्या आईला, रंजनाबाईंना, घेऊन आला. त्या खिडकीला चिकटून बसल्या. चहाला हात लावला नाही.

"मुलगी लाखात एक आहे हो तुमची," त्या रुमालातून म्हणाल्या, "पण चार पाहुण्यांत कसं करायचं सांगा."

"फिट चालत होती की तुम्हाला."

"फिट काय हो, कधीतरी यायची. हा चोवीस तास!"

मला त्या बाईंची जी किळस आली, ती कुजक्या बोंबलाचीही कधी आली नाही. पण नंतर विचार केला तेव्हा कळलं, त्या एकट्याच तशा नाहीत. पडलेल्या पोरीची कीव येते. कीव करताना माणसाला आपण मोठे वाटतो, त्याचा रुमाल सगळ्यांना दिसतो. उभ्या राहिलेल्या, धडधाकट, वास मारणाऱ्या पोरीपाशी मोठं वाटायला काही नसतं. नुसतं तिच्याशेजारी बसायचं असतं. तेवढं मात्र होत नाही.

परीक्षा आणि साखरपुडा एकाच दिवशी ठरले. सकाळी मिहूनं बंदराच्या तपासनीस साहेबांना घेऊन बोट बाहेर काढून आणायची, संध्याकाळी साखर वाटायची. रंजनाबाई अचानक कशा तयार झाल्या ते मला कळेना.

आदल्या संध्याकाळी ओटीवर बसले होते. मिहू समोरून गेली. आणि चिंगी हललीच नाही. पंजा चाटत बसून राहिली. मिहू परत आली, तरी मांजर ढिम्म. 

मिहू बाहेर गेल्यावर तिची पिशवी उघडली. काळ्या गोळ्या तशाच. वर एक गुलाबी डबी, तिच्यावर पांढऱ्या कपड्यातली मुलगी फुलं हुंगत होती. नाव ‘निर्गंधा’. मढवेलीचे सर्व गुण, वासाशिवाय, असं छापलेलं. आत पांढऱ्या गोळ्या, मोगऱ्याचा वास लावलेल्या. असं डबीवर लिहिलं होतं म्हणून कळलं मला.

परीक्षेच्या सकाळी मिहू जेटीकडे गेली आणि मी उलट्या दिशेनं सड्यावर. एक पांढरी गोळी पदराच्या गाठीत, आणि असू द्यावी म्हणून एक काळीही.

डॉक्टरीणबाईंनी पांढरी गोळी विरघळवून मिहूच्या मण्यावर टाकली. तो मसुराएवढा मणी अजून बशीत थरथरत होता, आणि पडद्यावर काटे. आम्ही बघत राहिलो. काटे तसेच.

"ही आहार म्हणून विकतात," बाई म्हणाल्या, "औषध म्हणून नाही. म्हणून तपासायचं बंधन नाही. आजी, नसांच्या अंगावर बारीक बारीक दारं असतात. ती भसाभस उघडली की वीज उसळते, तीच फिट. मढवेलीचं औषध त्या दारात आकड्यासारखं अडकतं. आकड्याच्या टोकाला गंधक आहे. घाण त्याची, आणि पकडही त्याचीच. यांनी वास काढायला टोकच छाटलं. उरली नुसती काडी."

"मग घाण नको आणि पकड हवी, असं नाही जमत?"

"रोज तेच करतेय मी आजी. अजून नाही जमलं. तुम्ही पळा आधी."

जेटीवर बोटीला झेंडूच्या माळा. मिहूनं नारिंगी जाकीट घातलेलं, केसांत गजरा. सर्वेश तिला चिकटून उभा. रंजनाबाईंच्या नाकावर रुमाल नव्हता, मी पहिल्यांदाच त्यांचं नाक बघितलं. तपासनीस साहेब बोटीत चढून बसलेले. मिहूचा एक पाय बोटीत चढायच्या फळीवर होता.

"मिहू! पांढरी गोळी खातेस?"

"आजी, हळू बोल ना."

"बाईंनी मण्यावर टाकली. काही उपयोगाची नाही ती. आज नाही जायचं समुद्रात."

"आठवडा झाला, काही नाही झालं मला."

"आजी, आजचा दिवस राहू द्या," सर्वेश म्हणाला. "किती दिवसांनी हिच्याजवळ नीट उभं राहता येतंय."

मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मिहू, फळीवरून पाय काढ."

तिचे डोळे भरले. "तुला काय कळणार आजी? तुला वास येतच नाही. माझा मला येतो. उशीला येतो, ताटाला येतो. कोणी खोलीत आलं की मी आधी खिडकी बघते. मला एक दिवस, फक्त एक दिवस, माणसांत माणसासारखं उभं राहायचंय. बोट तेवढी फिरवून आणते. मग खाते तुझी काळी गोळी."

  मग मला जे येतं तेच केलं मी. छाती धरली, "अगं आई गं, मेले!" म्हणून किंचाळले आणि त्या फळीवर आडवी झाले. इतकी सुंदर मेले की तपासनीस साहेबांनी टोपी काढली.

"आजी, नाटकं पुरेत," मिहू म्हणाली. नात माझीच. पण वाकली. मला उठवायला डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. आणि माझ्या खांद्यावर तिचा अंगठा फडफडला.

मी उठून तिला मिठी मारली आणि दोघी जेटीच्या बाजूला पडलो. नाहीतर ती फळीवरून खाली, बोट आणि दगडांच्या मधल्या पाण्यात गेली असती. तिला कुशीवर वळवलं. माझा पदर गोळा करून डोक्याखाली घातला. आणि थांबले, बाईंनी शिकवलं होतं तशी.

तेवढ्यात गर्दी फोडून कोण आलं असेल? रंजनाबाई. वर्षभर नाकाला रुमाल लावून हिंडणाऱ्या रंजनाबाई! हातात पायातली चप्पल. जेटीवरची आतडी, खवले, कुत्र्याचं काय काय तुडवलेली, खाली घाण लोंबतेय. "सरका, सरका, वास द्या तिला!" म्हणत ती चप्पल माझ्या पोरीच्या तोंडावर धरायला निघाल्या.  मी ती चप्पल हिसकावली आणि भिरकावली समुद्रात. एकाही माशानं तिला तोंड लावलं नाही.

मिहू शुद्धीवर आली तेव्हा तिचं डोकं सर्वेशच्या मांडीवर होतं. तो कधी येऊन बसला कळलंच नाही. रुमालानं फेस पुसत होता, डोळे ओले. मागून कोणीतरी म्हणालंच, "काय देवमाणूस!" आणि खरं सांगते, मढवेलीची गोळी सुरू झाल्यापासून इतक्या प्रेमानं त्यानं तिच्याकडे बघितलं नव्हतं.

तेही मिहूला दिसलं.

"सर्वेश," ती हळूच म्हणाली, "तुला मी अशीच आवडते ना? पडलेली?"

"असं काय बोलतेस? अगं, मी कायम..."

"हा रुमाल फेसाला चालतो. मी उभी असले की मात्र तुझ्या नाकावर जातो."

त्यानं रुमाल खिशात सारला. रंजनाबाई एका पायात चप्पल घालून मागे उभ्या होत्या.

मिहू उठून बसली. "आजी, काळी आहे?"

मी पदराची गाठ सोडली. ती गोळी गिळायची असते, चावायची नसते. मिहूनं चावली. सगळ्यांदेखत, सावकाश, सुपारी चावावी तशी. जेटीवरची गर्दी अशी मागे सरकली की दोघे तिघे पाण्यात पडले. सर्वेश खोकत उठला आणि चार पावलं लांब गेला. ती चार पावलं तो पुन्हा परत आला नाही. साखरपुड्याची साखर मी मुंग्यांना घातली.

तपासनीस साहेब वाईट माणूस नव्हते. नाक धरून म्हणाले, "पोरी, वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल."

"मोजा," मिहू म्हणाली.

मोजलं. पुन्हा सगळं वर्ष, तोच वाणी, तेच पदर, तीच रिकामी रिक्षा. पण या वेळी ती खोलीत शिरताना खिडकी बघायची नाही. ज्याला हवी त्यानं उघडावी. वर्ष संपलं, तिनं बोट बाहेर काढली, तपासनीस साहेब सगळा वेळ वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहिले आणि तिला पास करून उतरले. आता बोटीवर चार खलाशी आहेत, चौघंही काळ्या गोळीवरचे. कुठेच कामाला ठेवत नव्हते त्यांना. आपापसांत त्यांना वास लागत नाही. बंदरात शिरताना त्यांना भोंगा वाजवावा लागत नाही, बाकीच्या बोटी आधीच वाट देतात. आणि मासळी? ती मासळीसारखीच लागते. खुशाल घ्या.

झालं. शब्द न् शब्द खरा.

म्हणजे, एक सोडून. तेवढं सांगते आणि उठते, कवळीची शपथ घेतलीय ना. ते मांजर. चिंगी नावाचं मांजर आमच्याकडे कधी नव्हतं. सुकी मासळी विकणारी बाई घरात मांजर पाळील? तुमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. मग पोरीनं गोळी बदललेली मला कळली कशी? ती समोरून गेली आणि वास आला नाही, तशी. आता मांजर खोटं म्हटलं की नाकाचंही त्यातच आलं. दोन धरू नका, एकच धरा. एका खोट्याला उभं राहायला दुसऱ्याचा टेकू लागतो.

नाक माझं शाबूत आहे. चांगलं तिखट आहे. तिचं डोकं मांडीवर असायचं तेव्हा माझ्या घशाशी यायचं, आणि ती गेली की मी मोरीत जाऊन ओकायचे. इतका घाणेरडा वास मी जन्मात घेतला नाही, आणि मी काय काय विकलंय ते तुम्हाला सांगितलंय. मिहूला बोलू नका हे. जगात एक मांडी तरी तिला अशी असू दे, जिथे ती अंग चोरत नाही.

कावळ्याचं मात्र खरं आहे.

आणि अलीकडे काय होतं, बोट आत यायच्या वेळी मी ओटीवर येऊन बसते. वारा समुद्राकडून असतो. जेटीवरून आमच्या घरापर्यंत मोठा चढ आहे. पण ती चढायला लागली की मला इथे कळतं, आली, आजही धड आली. पोटात ढवळतं आणि जीव खाली बसतो, दोन्ही एकदम.

आला बघा. शी, काय घाण! चहा टाकते तिच्यासाठी.